शाळा सोडल्याचा दाखला आणि विश्वासाचा दाखला

दहावी व बारावीचे निकाल लागले की आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत दरवर्षी एकच प्रकार घडतो. शिरूर तालुक्यातील मुले कोणी पुण्यास महाविद्यालयात जातात, कोणी रांजणगावच्या कारखान्यांत कामास लागतात. दौंडकडील मुले कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शिरतात, किंवा पहाटेच्या गाडीने पुण्यास जाऊन रात्री परत येतात. निघण्यापूर्वीच्या रविवारी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, पाळक त्यांच्या हाती नवा करार देतो, आया डोळे पुसतात. नाताळास ही मुले घरी येतात व उपासनेत मागच्या बाकावर बसतात. पुढच्या नाताळास ती गावी येतात, पण मंदिरात येत नाहीत. मग बाप म्हणतो, “पुण्याने माझा मुलगा नेला.”

ह्या दुःखाची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. शहरात मोह आहेत, सोबती नाना तऱ्हेचे आहेत, आणि हातातील मोबाईलमध्ये साऱ्या जगाचा बाजार रात्रंदिवस भरलेला असतो. तथापि आईबापांनी व उपदेशक बंधूंनी एका प्रश्नाचा शांतपणे विचार करावा अशी आमची विनंती आहे. जे मुलाने गमावले म्हणून आपण शोक करतो, ते मुळात त्याचे होते काय?

दहा कुमारींचा दाखला आपण सर्वांनी शब्बाथशाळेत ऐकला आहे. शहाण्या कुमारींनी आपले तेल दुसरींस दिले नाही, ह्याबद्दल लहान मुले नेहमी कुरकुर करतात, व त्यांची कुरकुर वाजवी दिसते. परंतु त्या दाखल्यात एक कठीण सत्य आहे. भाकरी वाटून देता येते, वस्त्र वाटून देता येते. पण देवापुढे उभे राहण्याचे जे तेल, ते आईला आपल्या लेकराच्या दिव्यात ओतता येत नाही. गावात असेपर्यंत मुलाचा दिवा आपल्या उजेडात झाकून गेलेला असतो. घंटा वाजली की तो उठतो, बाप निघाला की तो निघतो, गीत सुरू झाले की त्याचे ओठ हलतात. त्याच्या दिव्यात तेल आहे की नाही, हे त्यालाही ठाऊक नसते व आपल्यालाही नसते. पुण्याच्या वसतिगृहातील पहिल्या रविवारी ते त्याला प्रथमच कळते.

शेतकऱ्यास हे निराळ्या शब्दांत सांगता येईल. पाटाचे आवर्तन आले म्हणजे सर्वांची शेते हिरवी दिसतात. आवर्तन बंद झाले की ज्याची स्वतःची विहीर आहे त्याचेच पीक उभे राहते. मंडळीची घंटा, घरची प्रार्थना, उपदेशकाची देखरेख हे पाटाचे पाणी आहे. ते वाईट नव्हे. त्यावाचून रोप जगलेच नसते. पण पाट चालू असतानाच विहीर खणावी लागते. आवर्तन संपल्यावर कोरड्या शेतात उभे राहून शेजाऱ्याच्या उसास दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा मुलाची विहीर त्याने घर सोडण्यापूर्वी कशी खणली जाईल, हाच खरा प्रश्न होय. ह्यास आम्हांस तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, मुलास विचारू द्यावे. ह्याविषयी आपल्याच दौंड तालुक्यात एक थोर उदाहरण आहे. केडगावचे मुक्ती मिशन ज्यांनी उभारले त्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी असे सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त अजून सापडलेला नाही. जिने शास्त्रे मुखोद्गत केली, जिने दुष्काळात आईबाप गमावले, जिने समुद्र ओलांडून स्वतःच्या बुद्धीने धर्म स्वीकारला, तिलाही आठ वर्षे लागली. मग आपल्या सतरा वर्षांच्या मुलाने दृढीकरणाच्या दिवशी पाठ केलेली उत्तरे म्हणून दाखविली, म्हणजे काम पुरे झाले असे आपण कसे मानतो?

त्या आठ वर्षांत रमाबाई गप्प बसल्या नव्हत्या. त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी, अनेक मतांविषयी त्यांनी प्रश्न विचारले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांस ह्या प्रश्नांत हट्ट व अहंकार दिसला, आणि त्यांनी आज्ञापालनाचा उपदेश केला. रमाबाईंची कन्या मनोरमा हिला कोणते धर्मशिक्षण द्यावे ह्यावरूनही त्या दोघींत मोठा वाद झाला. उलट चेल्टनहॅम येथील विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील ह्यांनी रमाबाईंस लांब पत्रे लिहून एकेका शंकेचा विचार केला. सिस्टर जेराल्डिन ह्यांचे प्रेम कमी होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी मनोरमेस आईसारखे सांभाळले. पण माणसाची सदसद्विवेकबुद्धी एका पुरोहिताच्या हातून सोडवून दुसऱ्याच्या हाती द्यावयाची नाही, हा रमाबाईंचा निश्चय होता, व पुढील इतिहासाने तो बरोबर ठरविला. जिने इतके प्रश्न विचारले तिनेच केडगावच्या माळावर दुष्काळातील मुलींस आसरा दिला, मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि १९२२ साली मरेपर्यंत प्रभूची सेवा सोडली नाही. मनोरमाबाईंनीही आपले आयुष्य आईच्या कार्यासच वाहिले, आणि १९२१ साली आईच्या आधी त्या प्रभूकडे गेल्या.

प्रश्न विचारणारे मूल घर सोडून चालले आहे असे समजू नये. पुष्कळदा ते घरात शिरण्याचा दरवाजा शोधीत असते. आमच्या मंडळ्यांतील मुलांचे प्रश्न कोणते असतात हे उपदेशकांस चांगले ठाऊक आहे. “आपले पूर्वज दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले असे वर्गातील मुले म्हणतात, हे खरे काय?” “आपला धर्म परक्यांचा आहे काय?” “विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षे दिले आहे, मग उत्पत्तीचे पुस्तक काय सांगते?” “ख्रिस्तात सर्व एक, तर सोयरीक ठरविताना आपण पूर्वीची जात का विचारतो?” ह्यांपैकी एकाही प्रश्नास “असे विचारू नये” हे उत्तर नाही. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. १८७६-७७, १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत पुष्कळ लोक मिशनच्या दारी आले, आणि त्यांतील कित्येक भुकेने आले, ह्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रभूने पाच हजारांस उपदेश केला तसे जेवणही दिले. भाकरीसाठी आलेले काही दुष्काळ सरल्यावर परत गेले, काही राहिले. जे राहिले त्यांची आपण लेकरे आहोत. आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देण्यापूर्वी मंडळीतील वडिलांनी ते आपल्या पुढच्या सोयरिकीत द्यावे. थोमास प्रभूने प्रश्नाबद्दल हाकलून दिले नाही. आपले व्रण दाखविले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, व तिच्याविषयी आमच्या मंडळ्यांत कुजबुज पुष्कळ व उघड बोलणे थोडे, असे आहे. ती म्हणजे कागद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माचे व जातीचे रकाने असतात. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज महार व मांग म्हणून गावकुसाबाहेर राहिले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध ह्यांस त्यात घेतले. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेर आहेत. म्हणून पुष्कळ घरांत मुलाचे दोन परिचय आहेत. मंडळीच्या वहीत तो ख्रिस्ती आहे, शाळेच्या वहीत हिंदू आहे. काही घरांत तर ह्याच कारणाने बाप्तिस्मा वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो. पहिलीत घालताना बापाने किंवा गुरुजींनी जे लिहिले, त्याचा अर्थ मुलास प्रथम कळतो तो महाविद्यालयात प्रवेश घेताना. खिडकीपुढे रांगेत उभा राहून तो अर्ज भरतो, आणि त्या दिवशी त्याला आपल्या घरचा एक धडा मिळतो. रविवारी जे नाव आपण घेतो ते सोमवारी सांगावयाचे नसते, हा तो धडा होय.

येथे घाईने निवाडा करणे सोपे आहे. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, ज्याची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणास निवडली गेली आहे, त्यास शिष्यवृत्ती म्हणजे चैन नव्हे. शिवाय तो असे म्हणू शकतो, आणि ते म्हणणे खरे आहे, की बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतील आमची जात पुसली गेली नाही. पाण्यावर व सोयरिकीत ती तशीच राहिली. मग हक्क तेवढा का जावा? धर्म बदलताच शतकांचे दारिद्र्य व तिरस्कार नाहीसे होतात असे कायद्याने गृहीत धरावे, हा आमच्या मते अन्याय आहे. तो दूर व्हावा म्हणून न्यायालयात व सरकारदरबारी जे प्रयत्न चालले आहेत त्यांस मंडळ्यांनी मनापासून पाठिंबा द्यावा. आमच्या बौद्ध शेजाऱ्यांनी १९५६ साली आपला धर्म उघडपणे सांगितला, आणि केंद्राच्या यादीत स्थान मिळण्यास त्यांस १९९० पर्यंत थांबावे लागले. हे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे.

कोणी नामान सेनापतीचे उदाहरण देतील. त्याने अलीशा संदेष्ट्यास विचारले होते की, माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील व मलाही वाकावे लागेल, तर ह्याची मला क्षमा होईल काय. आणि संदेष्ट्याने त्यास शांतीने पाठविले. हे उदाहरण आम्ही नाकारीत नाही. दुर्बळाविषयी देवाची दया किती मोठी आहे हे त्यावरून दिसते. परंतु नामानाने एक गोष्ट केली, ती आपण सहसा करीत नाही. त्याने आपली अडचण संदेष्ट्यापासून लपविली नाही. जाण्यापूर्वीच ती सांगितली, आणि जे करावे लागणार त्यास चांगले म्हटले नाही. आपल्याकडे मात्र बाप गप्प, पाळक गप्प, व मुलाने ही मुकी रीत न बोलता उचलावी अशी अपेक्षा. मग शहरात कोणी त्यास “तू कोण?” असे विचारले की जिभेस जी सवय लागलेली असते तीच पुढे येते.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. “माझे पूर्वज अमुक जातीचे होते” असे म्हणणे सत्य आहे व त्यात कमीपणा नाही. “मी ख्रिस्ती नाही” असे बाप्तिस्मा घेतलेल्याने लिहून देणे सत्य नाही, आणि दारिद्र्याने त्याचे सत्य होत नाही. शिवाय ह्यात ऐहिक धोकाही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ख्रिस्ती धर्म पाळीत असता केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू म्हणवून घेणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे. ज्या कागदावर मुलाचे सारे भवितव्य उभे करावयाचे तो कागदच उद्या त्याच्या विरुद्ध साक्षीस उभा राहू शकतो, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

परंतु हे मत सांगून आमचे काम संपत नाही. येथेच मंडळीचे काम सुरू होते. सत्य बोलण्याची किंमत एकट्या गरिबाने भरावी, आणि ज्यांस काही गमवावे लागत नाही त्यांनी त्यास उपदेश करावा, हे ख्रिस्ती रीतीस शोभत नाही. ज्या घराने भीतीने कागदावर दुसरे नाव ठेवले त्यास प्रभुभोजनापासून दूर करण्यापूर्वी मंडळीने स्वतःस विचारावे की, त्या मुलीची फी भरण्यास आपण किती दिले? मूठभर धान्य बाजूस ठेवण्याची चाल आपल्या आयाबायांची आहे. त्याच चालीने प्रत्येक मंडळीने विद्यार्थ्यांसाठी निराळी पेटी ठेवावी. ख्रिस्ती समाज हा कायद्याने अल्पसंख्याक समाज आहे. त्या नात्याने, किंवा घरच्या उत्पन्नाच्या मानाने, ज्या शिष्यवृत्त्या आपल्या मुलांस खरोखर लागू पडतात त्यांची चौकशी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन एखाद्या शिकलेल्या बंधूने सर्वांसाठी करावी. आणि मुलास विचारात घेतल्यावाचून त्याचा अर्ज भरू नये. सोळा-सतरा वर्षांचे मूल, आपल्या सत्यासाठी बापाने काही सोडले हे ज्या दिवशी पाहते, त्या दिवशी ते शंभर उपदेशांहून अधिक शिकते. १८५४ साली बेळगावी बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींसारख्या पहिल्या पिढीच्या तरुणांनी आपले मन उघड केले, तेव्हा त्यांस जात व आप्तेष्ट सोडावे लागले. आपली मुले त्यांची नावे पाठ करतात. पण ती किंमत आजही द्यावी लागते, व आपल्या घरी ती कोणी दिली आहे, हे त्यांस दिसावयास हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे, गेलेल्या मुलास एकटे सोडू नये. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायी होता, हे आपण वारंवार सांगतो. परंतु पौलाने त्यास पुढे पत्रे लिहिली, काम दिले, व आपला पुत्र म्हटले, हे विसरतो. मुलगा पुण्यास निघण्यापूर्वी पाळकाने तेथील मंडळीच्या पाळकास पत्र लिहावे, व केवळ पत्रावर न थांबता एखादे कुटुंब ठरवून द्यावे, की ज्याच्या घरी तो महिन्यातून एकदा जेवावयास जाईल. ज्या मोबाईलची आपण निंदा करतो त्याच्यावरूनच बापाने शनिवारी रात्री दोन मिनिटे मुलाबरोबर प्रार्थना करावी. “उपासनेस गेलास का?” एवढेच विचारणारा फोन मुलगा टाळू लागतो, “आम्ही तुझ्यासाठी काय मागावे?” असे विचारणारा फोन तो घेतो.

कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलांस आणखी एक अडचण असते. त्यांस रविवारी सुट्टी मिळेलच असे नाही. अशा मुलांस आपण नकळत वाळीत टाकतो. दोन-तीन महिने बाकावर दिसला नाही की त्याचे नाव पडले असे धरतो. त्यांस सांगावे की, पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांस रविवारची सुट्टी नव्हती. रोमी बादशहा कॉन्स्टंटाइन ह्याने ती ३२१ साली प्रथम ठरविली. त्यापूर्वी, सुमारे ११२ साली, प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने आपल्या बादशहास कळविले होते की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमून ख्रिस्ताचे स्तोत्र गातात. त्यांत दास होते, मजूर होते. उजाडल्यावर त्यांस धन्याच्या कामावर जावयाचे असे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या आसपास खोली घेऊन राहणारी आपली चार मुले असतील, तर उपदेशकाने त्यांच्या पाळीची वेळ पाहून आठवड्यातील एका संध्याकाळी तेथे जावे. मंडळी तेथेही भरते.

तसेच, जी मुले शिकून परत येतात त्यांस केवळ बसावयास बाक देऊ नये, काम द्यावे. हिशेब, शब्बाथशाळा, रुग्णांस इस्पितळात नेणे, वडीलधाऱ्यांचे कागद भरून देणे, अशी कितीतरी कामे पडून असतात. पंचवीस वर्षांचा माणूस कंपनीत यंत्र चालवितो, आणि मंडळीत त्यास नाताळच्या पताका लावण्यापलीकडे कोणी काही विचारीत नाही, हे बरे दिसत नाही.

एवढे करूनही काही मुले जातील. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. विश्वास हा जर खरोखर ज्याचा त्याचा असावयाचा, तर तो नाकारण्याची मोकळीकही त्यातच आली. बापाने जुलमाने ठेवलेला विश्वास हा बापाचाच राहतो. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलास बांधून ठेवले नाही, त्याच्या मागे माणसे पाठविली नाहीत, आणि घराची वाटही बंद केली नाही. मुलगा दूर असतानाच त्यास तो दिसला, ह्यावरून बापाची नजर रोज त्या वाटेकडे होती हे उघड आहे. ज्या घरातील मूल आज मंदिरात येत नाही त्या आईबापांस गावाने टोमणे मारू नयेत, व त्यांनीही मुलाशी बोलणे बंद करू नये. त्याचे नाव मंडळीच्या प्रार्थनेत राहावे, आणि सणाला आल्यावर त्याचे ताट पूर्वीच्याच जागी असावे.

पुढील महिन्यात महाविद्यालये उघडतील. त्यापूर्वी प्रत्येक मंडळीच्या पाळकाने व वडिलांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे, यंदा शाळा सोडणाऱ्या मुलामुलींची नावे लिहावी, आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टींची नोंद करावी: त्याच्या मनात कोणता प्रश्न आहे, त्याच्या शिक्षणास किती पैसे कमी पडतात, व तो जेथे जाणार तेथे त्याच्या ओळखीचे कोण आहे. ह्या तीन रकान्यांत लिहावयास काही नसेल, तर त्याच रात्री त्या मुलाच्या घरी जावे. पावसापूर्वी विहिरीचा गाळ काढणारा शेतकरी जसा ढगांकडे न पाहता हाताने काम करतो, तसे हे काम करावे. पाऊस देणारा देव विश्वासू आहे.